मुंबईचं लॅटिन करताना: तीन ओळींच्या एका पाटीचं प्रकरण

माझी भाची न्यू यॉर्कला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय वेगळाच आहे पण हौसेने लॅटिन घेतलंय. त्यांना रोमन शिलालेखांचा एक भाग होता आणि तो संपताना प्रत्येकाने स्वतःची एक पाटी बनवायची होती, रोमन लोक दगडावर कोरायचे तशी, सगळी मोठी अक्षरं, तीन ओळी: जन्म कुठला, वाढलो कुठे, आता राहतो कुठे. पाट्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर लागणार होत्या. तिने तिचा मजकूर मला व्हॉट्सॅपवर पाठवला, "मावशी बघ ना बरोबर आहे का" म्हणून, आणि त्या तीन ओळींवर आम्ही पुढचे जवळजवळ तीन आठवडे बसलो. ते सगळं सविस्तर लिहून ठेवते, कारण आजच्या शहराचं लॅटिन नाव हवं असेल तर काय काय बघावं लागतं हे यात बऱ्यापैकी आलंय, आणि मराठीत हे कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

माझं लॅटिन कुठून आलं ते आधी सांगते. मी ठाण्यात बॉटनी शिकवायचे. वनस्पतीची नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये द्यायलाच हवं असा नियम 1935 पासून 2011 संपेपर्यंत होता, 2012 पासून इंग्रजीही चालतं. त्यामुळे आमच्या पिढीला थोडं लॅटिन यायलाच लागायचं, आणि गावांची नावं लॅटिनमध्ये कशी बसवतात हे तर रोजच दिसायचं. पाचगणीच्या पठारावर सापडलेलं कंदीलपुष्प, त्याचं नाव सेरोपेजिया पांचगणिएन्सिस. हे "एन्सिस" म्हणजे आपलं "कर". पाचगणीकर. विद्यार्थ्यांना मी असंच सांगायचे आणि ते कधी विसरायचे नाहीत.

तर भाचीचा पहिला खर्डा असा होता, देवनागरीत लिहिते: "इन मुंबई नाता, इन मुंबई एदुकाता, इन नोवुम एबोराकुम हाबितात". तिच्या मते अर्थ: मुंबईत जन्मली, मुंबईत वाढली, न्यू यॉर्कला राहते. नोवुम एबोराकुम तिने शोधून काढलं होतं, मुंबईसाठी काहीच मिळालं नाही म्हणून तसंच ठेवलं.

यात पहिली गडबड शहरांच्या नावाची नव्हतीच, व्याकरणाची होती. लॅटिनमध्ये "इन" पुढे द्वितीया आली की अर्थ होतो आत जाणं, आणि नोवुम एबोराकुम हे रूप इथे द्वितीयाच होतं. म्हणजे तिची शेवटची ओळ "न्यू यॉर्कच्या आत शिरून राहते" अशी काहीतरी झाली होती. दुसरं म्हणजे शहरांच्या नावांना "इन" लागतच नाही. रोमनांच्या भाषेत जुनी सप्तमी जवळजवळ मेली होती, ती उरली फक्त शहरांच्या, छोट्या बेटांच्या नावात आणि घर, शेत अशा दोनचार शब्दांत. रोमात म्हणजे रोमाय, लंडनात म्हणजे लोंदिनिई, अथेन्सात म्हणजे अथेनीस. आपण नाही का पुण्यात, ठाण्यात, नाशकात म्हणतो, नाव आधी सामान्यरूपात वाकवतो मग प्रत्यय लावतो, नाशिकमधल्या "शि" चा "श" सुद्धा होतो त्यात. तसंच ते. मी तिला म्हटलं, म्हणून तुला नाव नुसतं मिळून चालणार नाही, ते चालवता आलं पाहिजे. मूळ रूप, सप्तमी, आणि जमलं तर "कर" वालं विशेषण, तिन्ही मिळाली तर नाव झालं म्हणायचं.

(इथे लॅटिनचे उच्चार मी जुने, रोमन काळचे घेतेय. ए आणि ई जोडून लिहिलेला स्वर तेव्हा "आय" असा म्हणत, चर्चमध्ये पुढे तो "ए" झाला. हे लक्षात ठेवा, पुढे याचं मोठं काम आहे.)

न्यू यॉर्कचं आधी उरकलं, कारण ते तयार होतं. पण ते तयार का आहे हे तिला माहीत नव्हतं. इंग्लंडात जे यॉर्क आहे तिथे रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने इसवी सन 71 मध्ये छावणी टाकली, नाव एबोराकुम, जे बहुधा तिथल्या केल्टिक लोकांच्या शब्दावरून आलं, यू नावाची सदाहरित झाडं जिथे आहेत ती जागा. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस 211 साली तिथेच वारला, कॉन्स्टंटाइनला सैन्याने 306 साली तिथेच सम्राट म्हणून जाहीर केलं, म्हणजे गाव काही लहानसहान नव्हतं. रोमन गेल्यावर अँग्लो-सॅक्सन लोकांनी नाव आपल्या कानाने ऐकलं आणि त्यात त्यांना "एओफोर" म्हणजे रानडुक्कर ऐकू आलं, झालं एओफोरविक. मग 866 ला डेन लोकांनी शहर घेतलं, त्यांच्या तोंडी योर्विक, आणि त्याचं झिजून यॉर्क. इंग्रजांनी 1664 ला डचांकडून न्यू अॅमस्टरडॅम काढून घेतलं तेव्हा राजा दुसरा चार्ल्स याचा भाऊ जेम्स हा ड्यूक ऑफ यॉर्क होता, म्हणून न्यू यॉर्क. त्यामुळे लॅटिनमध्ये जाताना काय होतं, "न्यू" चं भाषांतर होतं, नोवुम, आणि यॉर्कचं भाषांतर न होता ते सरळ रोमन काळात मागे जातं. एकाच नावात दोन वेगळ्या रीती. न्यू यॉर्क शहराच्या मोहरेवर आजही "सिगिल्लुम किविटाटिस नोवी एबोराकी" असं आहे, न्यू यॉर्क शहराची मोहर, खाली 1625 साल. कॅथलिक आर्चडायसीस (आर्चबिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) मात्र नेओ-एबोराकेन्सिस म्हणतं, ग्रीक "नेओ" लावून. दोन्ही चालतं, पण पाटीवर शहराच्या मोहरेवरचंच घ्यावं असं आम्ही ठरवलं कारण ते तिला रस्त्यात, सरकारी कागदावर, कुठेही दाखवता येतं. सप्तमीही नोवी एबोराकीच होते. तिसरी ओळ पक्की: नोवी एबोराकी हाबितात.

(तिचे काका जर्सीत राहतात, त्यांचं पण सांगून टाकते, न्यू जर्सी म्हणजे नोवा काएसारेआ, 1786 च्या तिथल्या तांब्याच्या नाण्यांवर हेच नाव आहे. जर्सी बेट म्हणजे रोमनांचं काएसारेआ असं त्या काळी मानायचे. काकांना फोनवर सांगितलं तर ते खूपच खूश झाले.)

आता मुंबई. आणि इथे मला एक गोष्ट फार लागली, म्हणजे मनाला. ज्या दुसऱ्या चार्ल्सच्या भावावरून न्यू यॉर्कला नाव मिळालं त्याच चार्ल्सला 1661 च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांकडून मुंबई आंदण मिळाली होती, आणि 1668 ला त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. एकाच राजाच्या हातात दोन्ही शहरं सात वर्षांत इकडची तिकडे झाली. पण एका शहराला आयतं रोमन नाव मिळालं कारण त्याच्या नावामागे रोमन छावणी होती, आणि दुसऱ्याच्या नावामागे आमची कोळ्यांची देवी होती, जिची रोमनांना खबर नव्हती. भाची म्हणाली, "म्हणजे आपण स्वतः करायचं". मी म्हटलं हो, पण वाट्टेल तसं नाही, लोकांनी आधी काय काय केलंय ते बघून.

मग आम्ही बघत बसलो. लॅटिनमध्ये शहरं न्यायच्या साधारण तीन वाटा दिसतात. एक, जुनं रोमन नाव असेल तर तेच उचलायचं, व्हिएन्नाचं विंदोबोना, झ्युरिकचं तुरिकुम. दोन, अर्थ भाषांतरित करायचा. जर्मनीतल्या क्योनिग्सबर्ग गावचा योहानेस म्युलर नावाचा गणिती होता 15व्या शतकात, तो जगाला रेगिओमोन्टानुस म्हणून माहीत आहे, क्योनिग म्हणजे राजा, बर्ग म्हणजे डोंगर, गावाच्या नावाचं लॅटिन करून तेच आडनावासारखं चिकटलं. ब्वेनोस आयरेसच्या आर्चडायसीसचं बोनाएरेन्सिस असंच, चांगली हवा. आणि तीन, आहे त्या उच्चाराला लॅटिन शेपूट लावायचं: तोकिएन्सिस, कालकुत्तेन्सिस. मद्रासचं तर फार छान आहे, मद्रासपोलितानुस, जणू मद्रासपोलिस नावाचं ग्रीक शहर असावं. पट्टणम् आणि पोलिस, दोन्ही शहरच.

माझ्या बहिणीला वाटत होतं हे सगळं पुस्तकी आहे, कुणाला काय पडलंय. तिला मी आवर्तसारणी काढायला सांगितली. 72 नंबरचं हाफ्नियम, कोपनहेगनचं लॅटिन नाव हाफ्निया, तिथे 1923 ला सापडलं म्हणून. 71 नंबर ल्युटेशियम, पॅरिसचं जुनं नाव लुतेतिया. 67 नंबर होल्मियम, स्टॉकहोमचं होल्मिया. ही नावं दहावी-बारावीच्या पुस्तकात आहेत आपल्या. ती लगेच म्हणाली मग मुंबईचं नीटच करा.

सगळ्यात सोपं होतं ते म्हणजे बोम्बायेन्सिस. मुंबईच्या आर्चडायसीसचं लॅटिन विशेषण हेच आहे, शंभर वर्षांहून जास्त वापरात आहे, कुणी चूक म्हणू शकणार नाही. पण एक तर ते विशेषण आहे, "मुंबईकर", त्यातून शहराचं नाव आपणच मागे जाऊन काढायचं, बोम्बाया किंवा बोम्बायुम. आणि मुख्य म्हणजे ते बॉम्बेवरून आहे. 1995 ला शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, मराठी माणसाच्या तोंडी तर ते कायमच मुंबई होतं. भाचीचा जन्म त्यानंतरचा. तिने स्पष्ट सांगितलं, "मी बॉम्बे लिहिणार नाही, मग इतके दिवस आपण काय करतोय?" बरोबर होतं तिचं. चर्चचं वेगळं आहे, त्यांचं नाव जुनं आहे, त्यांनी ते ठेवलंय, हायकोर्टाचंही बॉम्बेच आहे. पण स्वतःच्या पाटीवर स्वतःचं शहर आपण म्हणतो तसंच यायला हवं.

दुसरा प्रकार अर्थाच्या वाटेचा. तिच्या एका वर्गमित्राने सुचवलं की पोर्तुगीजांनी याला बोम बाहिया, चांगला उपसागर म्हटलं, त्याचं लॅटिन करा, बोनुस सिनुस. हे ऐकायला बरं वाटतं आणि खूप ठिकाणी छापलेलंही असतं, पण पोर्तुगीजमध्ये बाहिया स्त्रीलिंगी आहे, तिथे "बोम" लागणारच नाही, "बोआ" लागेल. पोर्तुगीज माणूस स्वतःच्या भाषेत अशी चूक करून शहराचं नाव ठेवेल हे पटत नाही. त्यांनी इथे आधीपासून चालत असलेलं नाव ऐकलं आणि बोंबाइम म्हटलं. चुकीच्या व्युत्पत्तीचं भाषांतर केलं तर चूक दुप्पट होते, म्हणून हे मी साफ काढून टाकलं, आणि यावर मी थोडी जोरात बोलले असेन फोनवर, कारण आमच्या देवीचं नाव पुसून कुणाच्या तरी उपसागराचं नाव तिथे बसवायला मी तयार नव्हते.

तिसरं हेप्टानेशिया. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात या बाजूच्या समुद्रात हेप्टानेशिया म्हणजे सात बेटं असा उल्लेख आहे आणि मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत हीच ती आपली सात बेटं असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. भाचीला हे फार आवडलं होतं, टॉलेमीने दिलेलं नाव मिळतंय म्हटल्यावर कुणालाही आवडेल. पण तिला मी लायडनची गोष्ट सांगितली. हॉलंडमधलं लायडन, 1575 ला तिथे विद्यापीठ सुरू झालं, आणि विद्वानांनी त्याला दिमाखात लुगदुनुम बाताव्होरुम हे रोमन नाव लावलं. अजूनही अकादेमिया लुगदुनो-बाताव्हा म्हणतात. आणि खरं लुगदुनुम तिथे नव्हतंच, ते समुद्रकाठी कात्वाइकजवळ होतं. शेजारच्या गावाचं नाव लावून बसलेत साडेचारशे वर्षं. टॉलेमीच्या नकाशातली बेटं नेमकी कुठली हे अंतरं मोजून पक्कं करता येत नाही, मग केवळ आकडा सातचा जुळतो म्हणून ते घेणं म्हणजे तसंच. नाव जुनं असणं आणि आपलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथं, काहीच न करता "मुंबई" तसंच ठेवायचं, न चालवता. याला मी कमी लेखत नाही. लॅटिन बायबलमध्ये बेथलेहेम तसंच येतं, कुठलाही प्रत्यय घेत नाही, आणि जेरुसलेम तर दोन्ही प्रकारे येतं, एकदा न चालणारं येरुसालेम, एकदा चालणारं हिएरोसोलिमा. तसं "इन उर्बे मुंबई", मुंबई नावाच्या शहरात, हे पूर्ण बरोबर लॅटिन झालं असतं. घाई असती तर मी हेच सांगितलं असतं आणि आजही कुणाला पटकन काही लिहायचं असेल तर हेच सांगेन. पण तिची तिसरी ओळ नोवी एबोराकी अशी सुटसुटीत दोन शब्दांत सप्तमीत बसलेली, आणि मुंबईला मात्र "इन उर्बे" असा आधाराला हात. बघितलं की मुंबई तिथे पाहुणी वाटायची.

याच्यावर एक रविवार गेला. गोव्याचा हेवा वाटला त्या दिवशी, गोवाला पोर्तुगीज "गोआ" म्हणाले आणि ते आ-कारान्त असल्यामुळे लॅटिनमध्ये काही न करता बसलं, गोआ, गोआय, आणि "कर" वालं गोआनुस. युरोपात 1572 ला निघालेल्या शहरांच्या मोठ्या लॅटिन अॅटलासात गोव्याचं चित्र आहे, शेजारी दीवचं. मुंबईचं नाही. मुंबईचा शेवट "अ-ई" असा दोन स्वरांवर होतो आणि लॅटिनमध्ये असा शेवट असलेलं नामच नाही. मुंबाइया, मुंबाइउम, काहीही केलं तरी तीनचार स्वर एकावर एक येतात. भाचीने मुंबाइउम मोठ्याने म्हणून बघितलं, दोघी गप्प झालो.

मग मी मराठीकडून विचार केला. हे नाव बनलंय कसं? मुंबा देवी, पुढे आई. देवीच्या नावाचं शहर. आणि लॅटिनमध्ये देवीच्या नावाचं शहर कुठलं तर अथेन्स, देवी अथेना, शहर अथेनाय. देवीवरून शहर की शहरावरून देवी हा वाद आहे, तो असू दे, पण शब्द तोच आहे, फक्त अनेकवचनात. ग्रीक आणि लॅटिनमध्ये खूप जुनी शहरं अशी अनेकवचनीच आहेत, थेबाय, सिराकुसाय, मिकेनाय. तर मुंबा या देवीचं त्याच पद्धतीने अनेकवचन काय होईल? मुंबाय! लिहायचं एम, यू, एम, बी, आणि शेवटी ए-ई. आणि वर कंसात सांगितलं तसं, त्या ए-ई चा जुना उच्चार "आय". म्हणजे कुठलाही रोमन माणूस ते वाचताना जवळजवळ मुंबईच म्हणेल.

मला अंगावर काटा आला अक्षरशः. मी एवढ्यासाठी हे सगळं लिहितेय. शहर बेटांचं, एकापेक्षा जास्त तुकड्यांचं, म्हणून अनेकवचन शोभतं. नाव देवीचं, म्हणून अथेन्सची जोडी शोभते. उच्चार आपला. आणि चालतं सुद्धा, पहिल्या गणातलं साधं अनेकवचन: मुंबाय, मुंबारुम, आणि सप्तमी अथेनीससारखी मुंबीस. "कर" वालं मुंबेन्सिस. हे नाव कुठल्या जुन्या ग्रंथात नाही, हे आम्ही बनवलंय, आणि ते तसं सांगायचं हेही तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने नवीन मजकूर पाठवला, "मुंबीस नाता, मुंबीस एदुकाता, नोवी एबोराकी हाबितात", आणि तो तिने घरच्या ग्रुपवर पण टाकला. तासाभराने बहिणीचा फोन मला. "अगं ताई, नाता म्हणजे जन्म ना? तिचा जन्म कल्याणचा आहे."

आणि खरंच की. माझी बहीण लग्न होऊन कल्याणला गेली, भाची तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये झाली, तिला तीन वर्षांची घेऊन ते मुलुंडला आले. पण परदेशात गेल्यावर कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, सगळे "मुंबई"च सांगतात, समोरच्याला कळावं म्हणून, आणि सांगता सांगता आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. मी स्वतः तिच्या बारशाला कल्याणला गेले होते आणि तरी तीन आठवडे जन्म मुंबईत धरून चालले होते. बहिणीला नुसती चूक दुरुस्त करायची नव्हती, तिला वाईट वाटलं होतं. तिची दहा वर्षं त्या गावात गेली होती.

भाची म्हणाली आता कल्याणचं परत पहिल्यापासून करायचं का. आणि मी हसले, कारण कल्याणचं काही करायचंच नव्हतं. कल्याण आहे!

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात त्याला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत नाव ऐकलंय. त्यात आपल्या भागातली नावं ओळीने आहेत: बारिगाझा म्हणजे भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठाना म्हणजे पैठण, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगरा म्हणजे धाराशिवजवळचं तेर, मग किनाऱ्याने सुप्पारा म्हणजे सोपारा, आणि काल्लिएना. कल्याण. तो लिहितो की थोरल्या साराग्नोसच्या काळात, म्हणजे बहुधा सातवाहन सातकर्णीच्या, काल्लिएना हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सांदानेसच्या हातात गेल्यापासून तिथे अडवणूक होते, आणि एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहारा लावून त्याला बारिगाझाला पाठवतात. म्हणजे कल्याणच्या खाडीतल्या राजकारणाची बातमी तेव्हा इजिप्तपर्यंत पोचलेली होती. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे लोक आहेत, तेही याच शतकांच्या आसपासचे. लायडनसारखा घोळ इथे नाही, नावही तेच, जागाही तीच, लोकही सलग तिथेच.

ग्रीक काल्लिएना लॅटिनमध्ये न्यायला काही कष्ट नाहीत, के च्या जागी सी लिहायचा, आ-कारान्त स्त्रीलिंगी, रोमासारखंच चालतं. रोमात रोमाय, तसं कल्याणात काल्लिएनाय. ज्या शहराला सगळे "मुंबईजवळ" म्हणून ओळख देतात त्याच्याकडे मुंबईपेक्षा कितीतरी जुनं, लेखी पुरावा असलेलं नाव आहे, हे भाचीला समजल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे यॉर्कसारखंच". हो. यॉर्कसारखंच. शिवाय यॉर्कचं नाव तोंडातोंडी फिरून ओळखू येईनासं झालं, कल्याणचं दोन हजार वर्षांत जवळपास तसंच राहिलं.

मजकूर शेवटी असा झाला:

काल्लिएनाय नाता
मुंबीस एदुकाता
नोवी एबोराकी हाबितात

यात आपोआप एक गोष्ट घडली जी आम्ही ठरवून केली नव्हती. पहिलं नाव प्राचीन ग्रंथातलं, दुसरं आज बनवलेलं, तिसरं अर्धं भाषांतर अर्धं रोमन. आणि सप्तमीची तीन वेगळी रूपं, एकवचनी स्त्रीलिंगी, अनेकवचनी, एकवचनी नपुंसकलिंगी. तिच्या सरांना व्याकरणाच्या बाजूने हेच जास्त आवडलं.

सरांनी एक शंका काढली आणि ती योग्य होती. मुंबीस या रूपावरून वाचणाऱ्याला मूळ नाव कळत नाही, मुंबाय की मुंबी, कशावरूनही ते येऊ शकतं, अथेनीस वाचून कळतं कारण अथेन्स सगळ्यांना माहीत आहे. आणि जुन्या लेखनात न सापडणारं नाव लावताना ते नवीन आहे हे दिसायला हवं. भाचीने मला विचारलं, बदलूया का, "इन उर्बे मुंबई" करूया का. मी म्हटलं तुला काय वाटतं ते कर. तिने नाव ठेवलं आणि पाटीच्या खाली छोट्या कागदावर दोन वाक्यं जोडली: मुंबाय, अनेकवचनी, मुंबादेवीवरून, अथेनाय या नावाच्या धर्तीवर नव्याने बनवलेलं, काल्लिएना, पेरिप्लसमधलं कल्याण. सर म्हणाले ठीक आहे. मला वाटतं नवीन लॅटिन नाव वापरणाऱ्या प्रत्येकाने ही तळटीप द्यावीच, नाहीतर उद्या कुणीतरी मुंबाय हे प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलंय म्हणून फिरवेल. बोम बाहियाचं असंच झालंय.

एक छोटीशी गोष्ट राहिली, अक्षरांची. रोमन शिलालेखात यू हे अक्षर नाही, त्याच्या जागी व्ही कोरतात. त्यामुळे पाटीवर मुंबीस हे एम-व्ही-एम असं सुरू होतं आणि एदुकातामध्येही मध्ये व्ही आहे. शब्दांच्या मध्ये मोकळी जागा न सोडता मधोमध एक ठिपका. पुठ्ठ्यावर कापलेली अक्षरं, दगडाच्या रंगाने रंगवलेली. तिने फोटो पाठवला तेव्हा बहीण माझ्याकडेच आली होती ठाण्याला. तिने फोन जवळ घेऊन, चष्मा वर करून एकेक अक्षर लावलं, मधल्या ओळीतला व्ही बघून म्हणाली हे काय मुव्हमेंट लिहिलंय का, मी सांगितलं असं असं. मग तिने बोट वर सरकवून पहिली ओळ वाचली, सी, ए, एल, एल, आणि म्हणाली, "हे कल्याण ना?" हो म्हटलं. तिने फोटो मोठा केला आणि आपल्या जुन्या कल्याणच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला.